भेटीच्या चादरी

चमच्यांच्या खणात एक पार्सल होतं. वर्तमानपत्राचा कागद, कडा आत मुडपलेल्या, चारी कोपरे ताठ, वरून सुतळीची फुली. ताईने पोस्टाच्या पार्सल खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे बांधणी अशी की बोटीतून पाठवलं तरी सुटू नये. मला वाटलं, हिने पुन्हा बिस्किटं दडवली. गाठ सोडवायला नखं लागली. कागद उघडला आणि आत जे होतं ते माझ्या बोटांना लागलं. अजून कोमट होतं.

मी बेसिनवर ओकले. मागे वळून बघते तर ताई दारात उभी, चष्मा कपाळावर, कमरेखाली उघडी.

"वजन केलंस?" तिने विचारलं. "वजन न करता पार्सल घ्यायचं नाही. नवीन आहेस का?"

मी तिच्या हातावर फटका मारला. जोरात. तिने हात मागे घेतला आणि वाईट वळणाच्या अनोळखी बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि ताई अकराची. माझ्या उवा तिने काढल्या, माझी गळवं तिने फोडली, तापात मी ओकायला लागले की भांडं मिळेपर्यंत ती ओंजळ पुढे करायची. तिला कधी किळस आली असेल तर ती मला दिसली नाही. मला मात्र येते. वय झालं की माणसाचं मन मोठं होतं म्हणतात. माझं तसलं काही झालेलं नाही. उलट नाक जास्त तिखट झालंय. नवरा गेल्यावर मी ताईकडे राहायला आले, त्याला नऊ वर्षं झाली. त्यातली शेवटची पाच तिच्या आजाराची. चैत्रात माझं मनगट मोडलं आणि डॉक्टरांनी तिला उचलायचं नाही म्हणून बजावलं, तरी मी उचलत होते. पण फटका मारल्यावर मला माझीच भीती वाटली. त्याच दुपारी भाच्याला फोन केला.

"ये," म्हटलं. "तुझ्या आईसाठी जागा बघायची आहे. तू नाही आलास तर मी काहीतरी करून बसेन."

भाचा चार दिवसांची रजा काढून आला. स्वभावाने चांगला आहे, पण कुठलंही काम हातात घेतलं की आधी यादी करतो. फोनवर त्याने वृद्धांच्या केंद्रांची नावं लिहून आणली होती, प्रत्येकापुढे चांदण्या.

"मावशी, हे बघ, याला साडेचार चांदण्या आहेत."

"तिथल्या म्हाताऱ्यांनी दिल्यात का?"

"त्यांच्या नातेवाइकांनी."

"मग नातेवाइकांची सोय चांगली असेल."

पहिली जागा बस डेपोच्या मागे होती. जुनी दुमजली इमारत, खाली टायरचं दुकान. जिना चढतानाच वास आला. मुताचा, उकडलेल्या भाजीचा, ओल्या कपड्यांचा आणि त्या सगळ्यांत मिसळलेला पिवळ्या साबणाचा. मी रुमाल नाकाला लावला. आत एका लांब खोलीत अठरा खाटा, मधे टेबलं. एक म्हातारी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून रेघा ओढत होती. दुसरीने तोंडातलं बिस्किट काढून माझ्यापुढे धरलं, लाळेसकट. "घे ना," म्हणाली, "गोड आहे." मी रुमाल आणखी घट्ट दाबला.

तिथल्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत होते. खरोखरच मोठ्या होत्या, दारातून आडवंच यावं लागत असेल. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. त्यांनी आधी माझ्या रुमालाकडे पाहिलं.

"नाक धरायचं असेल तर जिन्यात जाऊन धरा, बाई. इथे माणसं राहतात, त्यांना दिसतं."

"वास येतोय," मी म्हटलं.

"येणारच. सतराजणी आहेत, त्यातल्या अकराजणींना कळत नाही. आत्ता एक बदलली, तोवर दुसरी झाली. तुमची कशी आहे?"

"पार्सलं करते," भाचा म्हणाला आणि लाजला.

"कशाची?" मोठ्या बाईंनी विचारलं, आणि त्याचा चेहरा बघून त्यांना कळलं. "बरं आहे की. गोळा करायला सोपं. एक खाट रिकामी आहे, त्या खिडकीखालची. बघा आणि सांगा. मला वेळ नाही."

खिडकीत वाळत घातलेल्या चादरी लोंबत होत्या. धुतलेल्या, पण करड्या पडलेल्या, मधे पिवळट नकाशे. मी खाली येऊन टायरच्या दुकानासमोर मोकळा श्वास घेतला. तिथला रबराचा वासही अत्तरासारखा वाटला.

"छे," मी म्हटलं. "त्या चादरी बघितल्यास? मी असली चादर पायपुसणं म्हणूनही घेतली नसती."

माझ्या बोलण्याला वजन होतं, कारण एकोणतीस वर्षं मी मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होते. गाठोडं आलं की न उघडता आम्ही सांगायचो, हे कुठल्या वॉर्डाचं आणि तिथली सिस्टर कामसू की आळशी. आम्ही सहाजणी होतो. वाफेने चेहरे लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले, आणि तरी दिवसभर खिदळणं चालायचं. दोघीदोघींनी चादर ताणायची, झटकायची, चालत एकमेकींकडे यायचं, पुन्हा मागे सरायचं. बघणाऱ्याला नाच वाटावा. आमच्यावर एक साहेब होते, त्यांना आम्ही डागोबा म्हणायचो. प्रत्येक दहावी चादर उजेडाकडे धरायचे आणि कुणाला न दिसणारा डाग शोधायचे. "हा डाग नाही साहेब, तुमच्या चष्म्यावर माशी बसलीये," असं मी एकदा म्हटलं, तर आठवडाभर मला रक्ताच्या गाठोड्यांवर बसवलं. तरी ते दिवस सोन्याचे होते. मळकं आत यायचं, पांढरं बाहेर जायचं. संध्याकाळी घरी जाताना जगातली थोडी घाण आपण कमी केली असं वाटायचं.

दुसरी जागा भाच्याच्या साडेचार चांदण्यांची. भेटीची वेळ चार ते सहा, आम्ही चारच्या ठोक्याला पोहोचलो. पुढे हिरवळ, कारंजं, दाराशी काच. आत कसलाही वास नाही. म्हणजे लिंबाचा एक बारीक वास होता, पण तोही कुणीतरी मुद्दाम मोजून सोडल्यासारखा. मॅनेजर तरुण होता, केस चापून बसवलेले, आवाज साखरेच्या पाकातला.

"या आजी, या. आपल्या घरीच आलात असं समजा."

"माझ्या घरी कारंजं नाही," मी म्हटलं.

तो हसला. वर एका खोलीत चार खाटा, अशा चार खोल्या होत्या. प्रत्येक खाटेवर एक बाई, गळ्यापर्यंत पांघरलेली, केस विंचरलेले. आणि चादरी! मी जागच्या जागी थांबले. पांढऱ्याशुभ्र, खळ घातलेल्या, कडक. इतक्या वर्षांत मी खळ घातलेली चादर पाहिली नव्हती. लांबीत तीन घड्या, रुंदीत दोन, वहीवर आखाव्यात तशा सरळ. मी वाकून एका कोपऱ्याला हात लावला. बोटाखाली कागदासारखी कुरकुरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. डागोबांनीसुद्धा मान डोलावली असती.

त्या खाटेवरची बाई छताकडे बघत होती. मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही. मी चादर बघत होते.

"इथेच," मी भाच्याला म्हटलं.

"अजून तीन ठिकाणं आहेत यादीत."

"काही नको. चादर खोटं बोलत नाही. इतकी चादर जपणारा माणूस माणसालाही जपत असेल."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "मावशी, तू म्हणालीस ना, मग संपलं. माझ्या डोक्यावरचा दगड उतरला." त्याने खाली जाऊन सह्या केल्या. ताईला परवा सकाळी अकराला आणा, असं ठरलं. मोठ्या बाईंना फोन करून त्याने नको म्हणून कळवलं.

परवाचा दिवस उजाडला. मी ताईची बॅग भरली, तिला धुतलं, कपडे केले. मग माझं अंथरूण आवरायला घेतलं. आदल्या दिवशीच मी धुतलेली चादर घातली होती, स्वतः इस्त्री केलेली. हाताने ती सारखी करत होते आणि मधेच माझा हात थांबला. चादरीवर एकही घडी नव्हती. एका रात्रीत सगळ्या मोडल्या होत्या. आणि मी काही चोवीस तास आडवी पडून नव्हते.

मी पलंगाच्या कडेवर बसले. दुपारी चार वाजता, दिवसरात्र झोपून असलेल्या बायकांच्या अंगाखाली, त्या चादरींवर घड्या कशा काय उभ्या होत्या? आखून ठेवल्यासारख्या? एकोणतीस वर्षं चादरींत घालवलेल्या बाईला हे कळू नये? खळीचा कुरकुर आवाज ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. चादरींच्या ज्या पारखीवर मी इतकी मिरवते, तिनेच दगा दिला.

"आत्ताच निघू," मी भाच्याला म्हटलं.

"अकराला बोलावलंय ना? आठसुद्धा वाजले नाहीत!"

"म्हणूनच."

"तूच पसंत केलंस, मावशी. तूच!"

"मीच केलं. चल."

ताई गाडीत मागे बसली, मांडीवर बॅग. वाटेत दोनदा विचारलं, "शिक्के मारलेत ना?" भाचा म्हणाला, "मारलेत, आई." फाटकावरच्या माणसाने आम्हाला अडवलं, भेट चारनंतर. भाचा त्याच्याशी हुज्जत घालत राहिला आणि मी इमारतीच्या मागे गेले. हॉस्पिटल असो की हॉटेल, कपडा मागच्या दारानेच येतो-जातो, आणि ते दार सकाळी कधी बंद नसतं.

मागे एक खोली होती. आत कपडे धुवायचं एक छोटं मशीन, कोरडं ठाक. भिंतीशी कपाट, दार उघडं. त्यात चादरी रचलेल्या, सगळ्या घडीत, सगळ्या शुभ्र. मी सवयीने वरची नाकाशी धरली. माणसाचा वास नव्हता. दोन तासांपुरती कुणाच्या तरी अंगाखाली जाऊन परत येणाऱ्या कापडाला कसला वास येणार? कपाटाच्या फळीवर पट्टी चिकटवली होती: भेटीच्या चादरी.

मी जिन्याने वर गेले. खोलीचं दार लोटलं आणि लिंबाच्या वासाखालचा खरा वास अंगावर आला. खाटांवर नुसतं मेणकापड, तपकिरी, आणि त्यावर बायका. पाठीला गाऊन नाही, पुढून एक फडकं टाकलेलं. मेणकापडाला मधे खळगा पडला होता आणि खळग्यात साचलं होतं. परवा मी जिच्या चादरीचा कोपरा चाचपला, ती बाई अजून छताकडेच बघत होती. मी तिच्या दंडाला हात लावला, तशी ती कूस बदलायला गेली आणि तिची पाठ मेणकापडापासून सुटताना आवाज आला, जुना चिकटलेला कागद फाडताना येतो तसा. पाठीवर तळहाताएवढं लाल मांस. त्यावर माशी.

मला ओकारी आली नाही. इतकी किळस की पोटसुद्धा गप्प बसलं.

"आजी!" मागे मॅनेजर. केस अजून चापलेले नव्हते. "तुम्ही इथे कशा आलात?"

"मागच्या दाराने. ही काय तऱ्हा आहे?"

"अहो, हे सकाळचं आहे. स्वच्छतेच्या आधीचं." पाक अजून होता, पण पातळ झालेला. "खरं सांगू का? चादर घातली की दिवसातून पाच वेळा बदलावी लागते. मेणकापड पुसलं की झालं. सगळीकडे असंच असतं. फरक इतकाच की आम्ही नातेवाइकांच्या मनाचाही विचार करतो."

"माझ्या मनाचा विचार केलात तुम्ही?"

"तुम्हीच तर म्हणालात ना, चादरी किती छान आहेत म्हणून?"

मी त्या बाईच्या पाठीवरची माशी हाकलली. ती परत बसली. खाली येऊन भाच्याला म्हटलं, आधी इथल्या तक्रारीसाठी कुठे जायचं ते तुझ्या त्या फोनवर शोध, आणि गाडी डेपोकडे घे. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. तक्रार त्याने वाटेतच गाडी बाजूला घेऊन केली, पानभर, यादी करून. त्या दिवशी त्याच्या याद्यांचं मला कौतुक वाटलं.

टायरच्या दुकानावरचा जिना मी जवळजवळ पळत चढले. वास तोच, तितकाच. मोठ्या बाई खिडकीखालच्या खाटेशी वाकून कुणाची तरी ओली चादर ओढून काढत होत्या. खाटेवर नवी बाई होती.

"काल आली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या भाच्याने नको म्हणून कळवलं."

"माझी चूक झाली."

"कारंजं आवडलं असेल."

"चादरी आवडल्या."

त्यांनी आता मान वर केली. मी लॉन्ड्रीचं सगळं सांगितलं, घड्यांचं सांगितलं, पाठीचं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हात चालू होते. चादर गोळा, अंग पुसणं, पावडर, दुसरी चादर. ती सुरकुतलेली होती, डागाळलेली होती आणि कोरडी होती.

"इस्त्रीला माणूस नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "धुवायलाच दोन बायका पुरत नाहीत. तुमचं नाव यादीत पहिलं घालते. खाट झाली की फोन करीन."

"केव्हा होईल?"

"ते माझ्या हातात आहे का, बाई?"

तेव्हा मला कळलं मी काय विचारलं ते. खोलीत अठराजणी होत्या. आणि मी, लाज वाटते सांगायला, एकेकीकडे बघायला लागले. ही खोकतेय. हिचे पाय सुजलेत. ती टेबलाशी बसून दणकून जेवतेय, ती काही दहा वर्षं जात नाही. पूर्वी मी लॉन्ड्रीत गाठोड्यांवरून वॉर्ड ओळखायचे, तशी आता म्हाताऱ्या जोखत होते. कसली बाई झालेय मी, असं वाटलं, आणि तरी नजर थांबेना.

भाचा संध्याकाळी गेला. जाताना गळ्यात पडला, म्हणाला, "मावशी, आणखी थोडे दिवस." दिवसा ताईजवळ बसायला त्याने एक बाई लावून दिली. ती फोनवर बोलायची आणि ताई तिच्या चपला बांधून ठेवायची. मी एकदाही हात उगारला नाही. त्यासाठी मी दर वेळी आधी खोलीबाहेर जाऊन वीस आकडे मोजायचे. कधी चाळीस. ताईला एका दुपारी मधेच जरा ओळख पटली. मी तिची नखं ब्रशने घासत होते.

"तुला किळस येते ना गं?" तिने अगदी जुन्या आवाजात विचारलं.

"येते, ताई."

"मलाही यायची. तू फार घाण मूल होतीस." आणि हसली. पुढच्या क्षणी पुन्हा पोस्टात.

सत्तर वर्षं मी समजत होते की तिला येतच नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. "खाट झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. एवढंच. मागे कुणीतरी बादली सरकवत होतं.

"किती वाजता आणू?" मी विचारलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कोण गेलं ते मी विचारलं नव्हतं. पुन्हा फोन करून विचारता आलं असतं. मी नाही केला. ताईची बॅग काढली, गाऊन मोजून घातले, खाली रबरी तळाचे मोजे घातले. आणि मला इतकं हलकं वाटत होतं की भीती वाटली.

तिथे पोहोचलो तेव्हा गादी जिन्याच्या कठड्यावर उन्हात टाकलेली होती. ताईने कपडे बदलायला नकार दिला, एका मदतनीस बाईला चावली, मोठ्या बाईंना "बिनतिकिटाचं बैरंग पत्र कुठलं" म्हणून शिवी दिली. मोठ्या बाईंनी तिचे दोन्ही हात एका हातात धरले आणि दुसऱ्याने गाऊनची नाडी सोडली.

"तुम्ही जा आता," त्या मला म्हणाल्या. "उद्या या. केव्हाही. सकाळी सहाला आलात तरी दार उघडं असतं."

"ती रात्री उठते. आणि कागद दिसला की—"

"कळेल आम्हाला. जा."

मी ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने माझा हात झटकला. दारात आल्यावर पुन्हा तो वास नाकात भरला, आणि मला स्वच्छ कळलं की याची मला कधी सवय होणार नाही, आणि तरी मी रोज येणार आहे. रुमाल बॅगेतच राहू दिला. जिना उतरताना मला ओकारी आली. कठड्याला धरून तीनदा आली. मग तोंड पुसलं आणि बस पकडली.